न केलेल्या भेटीचा अहवाल

२०२० सालच्या मार्च महिन्यात दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. बाकीचे सगळे पेपर होऊन गेले होते. भूगोल शेवटचा होता, सोमवार २३ मार्चचा. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये राज्य मंडळाने रद्दच केला. इतर विषयांतल्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण देण्यात आले. लाखो मुलांनी पाठ करून ठेवलेली उत्तरे त्या वर्षी कोणी मागितलीच नाहीत.

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात त्या मुलीची आई हळहळत म्हणाली होती, "पूरा रट्टा मारा हुआ था, सब पानी में गया." मुलगी मात्र आनंदात होती. त्या माउलीचे वाक्य आमच्या मनात राहिले. पाण्यात गेले ते नेमके काय? मुलगी भूगोल शिकली असती तर पेपर रद्द झाल्याने काहीच वाया जायला नको होते. पृथ्वी काही रद्द झाली नव्हती. म्हणजे तिने साठवले होते ते परीक्षेपुरतेच चलन होते, आणि परीक्षेचा बाजार उठताच ते चलनातून बाद झाले.

पाठांतराची निंदा करणे अलीकडे फार सोपे झाले आहे. 'घोकंपट्टी' आणि 'पोपटपंची' हे दोन शब्द शिक्षणावरच्या कोणत्याही भाषणात टाळ्या मिळवून देतात. त्या टाळ्यांत आम्हाला सामील व्हायचे नाही. ज्या समाजात अजाण वयाची मुले हिफ्जला बसतात, त्या समाजाने तरी पाठांतराला सरसकट नावे ठेवण्याआधी थोडे थांबावे. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब पढत असतात तेव्हा मागे ऐकणारा उभा असतो. एक शब्द चुकला, एक आयत पुढेमागे झाली, की मागून लुकमा मिळतो. हाफिज या शब्दाचा अर्थच राखण करणारा. तो दुसऱ्याचे शब्द राखतो, ते दुसऱ्याचे आहेत हे जाणून राखतो आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. त्यात कोणाची फसवणूक नाही, उलट कमालीची शिस्त आहे.

इमाम गझालींची एक गोष्ट सांगितली जाते. तरुणपणी प्रवासात त्यांना दरोडेखोरांनी लुटले. बाकी सगळे न्या, पण माझी टिपणे तेवढी परत द्या, अशी त्यांनी विनवणी केली. दरोडेखोरांच्या म्होरक्याला हसू आले. टिपणे नेल्यावर जे ज्ञान उरत नाही ते तुझे कसे, असा त्याचा सवाल होता. त्यानंतर गझालींनी आपली सगळी टिपणे मुखोद्गत केली म्हणतात. ही गोष्ट पाठांतराच्या बाजूची आहे. डोक्यात साठवलेले कोणी चोरू शकत नाही.

गरिबाच्या मुलासाठी तर पाठांतराला आणखी एक आधार आहे. नागपुरातल्या आपल्या घरांत बोलायची भाषा निराळी, शाळेत ऐकायची निराळी आणि उत्तरपत्रिकेत लिहायची आणखी निराळी. 'पर्जन्यछायेचा प्रदेश', 'उद्योगांचे स्थानिकीकरण', 'विषम हवामान' हे शब्द ज्या घरांत तीन पिढ्या पुस्तके आहेत तिथे जेवताना कानांवर पडत असतील. खोलीभर घरात भावंडांच्या गोंगाटात अभ्यास करणाऱ्या मुलीला ते पाठ करूनच मिळवावे लागतात. आधी वाक्य येते, अर्थ कधीतरी मागून येतो. तिला 'स्वतःच्या शब्दांत लिही' असे सांगणे ऐकायला छान आहे, पण ते शब्द तिला आधी कोणी तरी दिले पाहिजेत. म्हणून रट्टा मारणाऱ्या पोरीला आम्ही दोष देणार नाही. आमचा प्रश्न दुसरा आहे आणि तो नीतीचा आहे. पाठ केलेले वाक्य कागदावर उतरवताना मूल कशाची ग्वाही देत असते?

२०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी ठेवले गेले. अॅमेझॉनचे खोरे, ईशान्येकडचा अवर्षण चतुष्कोन, पँटानलची दलदल, ही सगळी नावे नागपूरच्या मुलांना तोंडपाठ झाली. 'नाग नदी कुठून निघते हे माहीत नाही आणि ब्राझीलच्या नद्या पाठ' अशी थट्टा करण्याची रीत आहे. आम्हाला ती थट्टा तितकीशी पटत नाही. ब्राझील मुलांनी पाहिलेला नाही, शिक्षकांनीही नाही आणि तपासणाऱ्यानेही बहुधा नाही. उत्तरात मूल जे लिहिते ती ऐकीव खबर आहे आणि ती खबर म्हणूनच दिली-घेतली जाते. जगाविषयीचे आपले बहुतेक ज्ञान असेच विश्वासाच्या माणसांकडून ऐकलेले असते. तेव्हा ब्राझीलचे पाठांतर निर्दोष आहे. दोष जवळच्या गोष्टींच्या पाठांतरात शिरतो.

याच पुस्तकाचा पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून निघालेली मुले बसने थेट अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात आणि वाटेत जमीन, पाऊस, पिके, घरे कशी बदलत जातात ते पाहतात. कल्पना फार चांगली आहे. भूगोल पायांनी शिकायचा असतो हे पुस्तक करणाऱ्यांना ठाऊक होते. पाठाखाली त्यांनी मुलांकडून त्यांनी स्वतः केलेल्या भेटीचा अहवाल मागितला, एखादा कारखाना पाहायला जाण्यासाठी प्रश्नावली करायला सांगितली.

पुढे काय झाले ते प्रत्येक घराला माहीत आहे. गाईडमध्ये तयार अहवाल आला. कधी तो किल्ल्याचा असतो, कधी साखर कारखान्याचा. 'आम्ही सकाळी सात वाजता शाळेच्या प्रांगणातून निघालो' इथपासून 'ही भेट आमच्या कायम स्मरणात राहील' इथपर्यंत सगळे मुद्देसूद. काही शाळा मुलांना खरोखरच नेतात, हेही नमूद केले पाहिजे. पण बसचे पैसे, पालकांची परवानगी, मुलींची जबाबदारी, संपत न आलेला अभ्यासक्रम, या सगळ्यांतून पुष्कळ शाळांची बस सुटतच नाही. मग पंधरा वर्षांचे मूल न केलेल्या प्रवासाचा अहवाल पाठ करते. ज्या भेटीला ते गेलेच नाही ती 'कायम स्मरणात' राहावी म्हणून रात्री जागते!

आपल्या परंपरेत या दोषाला नाव आहे. हदीस गोळा करणाऱ्यांनी कथन करणाऱ्याच्या स्मरणशक्तीइतकीच त्याच्या प्रामाणिकपणाची छाननी केली. कोणी कोणाकडून ऐकले, समोर बसून ऐकले की मधल्या कोणाकडून आले, याचा ते काटेकोर हिशेब ठेवत. मधल्या माणसाचे नाव गाळून वरच्याकडून थेट ऐकल्याचा भास निर्माण करणे याला त्यांनी तदलीस म्हटले आणि असे करणाऱ्याच्या कथनाकडे संशयाने पाहिले. मजकूर खरा असला तरीही. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. गाईडमधल्या अहवालात चुकीचे काहीच नसेल. उसाचा रस काढतात, चोथा भट्टीत जाळतात, मळी वेगळी होते, सारे खरे. पण 'आम्ही पाहिले' हे दोन शब्द खरे नाहीत.

अल् बिरूनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, तेव्हा सुरुवातच ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेले यांतल्या फरकापासून केली. ऐकीव माहितीशिवाय आपले चालत नाही हे त्याने मान्य केले, पण दोन्हींची गल्लत होऊ दिली नाही. त्याच ग्रंथात तो नद्यांतल्या दगडांविषयी लिहितो. डोंगराजवळ गोटे मोठे असतात, पुढे ते लहान होत जातात, मुखाजवळ नुसती वाळू उरते. त्यावरून त्याने ताडले की हिंदुस्थानचे हे मैदान एके काळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरला असावा. आपली मुले 'गाळाचे मैदान' हा शब्द पाठ करतात. कामठीच्या कन्हान नदीत वाळू आहे, गोटे आहेत. तिथे मूठभर वाळू हातात घेतलेले मूल आणि न घेतलेले मूल यांनी लिहिलेले वाक्य अक्षरशः सारखे असू शकते. तपासणाऱ्याला फरक कळणार नाही. फरक मुलाला कळतो.

इथे कोणी इब्न बतूताचे नाव काढील आणि ते काढायलाच हवे. आपण ज्याला मोठा प्रवासी म्हणून मिरवतो, त्याने आपली हकीकत मायदेशी परतल्यावर इब्न जुझय्यकडून लिहवून घेतली. ते काम १३५५ मध्ये पुरे झाले. अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की तिच्यातली दमास्कस, मक्का, मदिना यांची बरीच वर्णने शतकभर आधीच्या इब्न जुबैर या प्रवाशाच्या ग्रंथातून उचललेली आहेत. व्होल्गाकाठच्या बुल्गारला तर तो गेलाच नसावा असे पुष्कळांचे मत आहे. म्हणजे चौदाव्या शतकातही गाईड होते! तरीही दोन गोष्टींत आम्ही भेद करू. दमास्कस त्याने पाहिले होते, शब्द मात्र उसने घेतले. हा दोष माफ करण्याजोगा आहे. आपल्या पोरीची भाषेची अडचणही याच जातीची. बुल्गारची गोष्ट वेगळी, तिथे मुळात पाहणेच नाही. आणि तोच माणूस दौलताबादला आला तेव्हा तिथली द्राक्षे, डाळिंबे आणि गाणाऱ्यांचा बाजार यांच्याविषयी सांगतो. ते वाचताना माणूस तिथे उभा होता हे जाणवते.

एक आक्षेप आम्हाला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. असे म्हणता येईल की परीक्षा ही साक्ष नव्हेच, तो एक ठरलेला खेळ आहे. मूल गेले नाही हे शिक्षकांना ठाऊक, तपासणाऱ्याला ठाऊक, मंडळालाही ठाऊक. जिथे कोणीच फसत नाही तिथे खोटे कोणते? नाटकातला नट 'मी बादशहा आहे' म्हणतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. पण नटाला पडदा असतो. पडदा पडला की बादशाही संपते, हे तो जाणतो आणि प्रेक्षकही जाणतात. दहावीच्या मुलाला असा पडदा कोणी दाखवलेला नसतो. त्याला एवढेच कळते की मोठी माणसे 'तू काय पाहिलेस' असे विचारतात तेव्हा त्यांना त्याचे पाहणे नको असते, पसंत पडलेला मजकूर हवा असतो. फसवले जाते ते इथे, आणि ते आयुष्याच्या अशा वयात की शिकवण हाडांत मुरते.

मुरलेल्या शिकवणीचा पहिला परिणाम असा की समोर घडणारा भूगोल हा भूगोल आहे हेच ओळखू येत नाही. नागपूरच्या झीरो माइलविषयी 'नागपूर देशाच्या मध्यभागी आहे' हे वाक्य प्रत्येक मुलाला येते. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब यांच्या शेजारी जो दगड आहे त्यावर १९०७ हे साल आहे, आणि तो मुळात सर्वेक्षण खात्याचा, उंची मोजण्यासाठी प्रमाण मानलेला दगड आहे. खांबाच्या बाजूंवर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावे आणि त्यांची मैलांतली अंतरे कोरली आहेत. भूगोलाचा पेपर रद्द झाला त्याच एप्रिल-मे महिन्यांत या अंतरांवरून माणसे चालत होती. हैदराबादकडून उत्तरेला जबलपूरच्या वाटेने, मुंबई-पुण्याकडून पूर्वेला छत्तीसगड-ओडिशाच्या वाटेने. दोन्ही महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणून ते सगळे नागपूरवरून गेले. वर्धा रोडवरच्या पांजरी टोल नाक्यावर शहरातल्या माणसांनी त्यांना अन्न-पाणी दिले. 'स्थलांतराची कारणे लिहा' या प्रश्नाचे उत्तर पाठ असलेल्या मुलांच्या शहरातून ते उत्तर पायी चालत गेले. मोमिनपुरा आणि सतरंजीपुरा त्या दिवसांत बंद होते, त्यामुळे तिथल्या मुलांना ते पाहताही आले नाही, हे खरे. पण बंद मोहल्ला हीसुद्धा मानवी वस्तीच्या धड्यातली गोष्ट होती. किती घरांत किती माणसे, नळ किती जणांत एक, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेही तेच. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. तोवर बहुतेकांच्या लेखी ती नाला होती. एम्प्रेस मिलचेही तसेच. जमशेटजी टाटांनी १८७७ साली मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली, कारण कापूस इथे होता आणि रेल्वे इथवर आली होती. 'उद्योगाच्या स्थानिकीकरणावर परिणाम करणारे घटक' याचे यापेक्षा चांगले उदाहरण देशात शोधून मिळणार नाही. २००२ साली ती बंद पडली, आता त्या जागी मॉल आहे. ज्यांचे आजोबा तिथे पाळीला जात, त्यांची नातवंडे परीक्षेत कुठल्या तरी साखर कारखान्याला भेट देऊन येतात.

दुसरा परिणाम आपल्या अधिक जवळचा आहे. पंचनाम्यावर सह्या करणारे पंच जागेवर नव्हतेच, हे कोर्टात कितीदा निघते. गावात पाऊल न ठेवता नुकसानीचे आकडे भरले जातात. आणि आपल्या वस्त्यांबद्दल काय लिहिले जाते? मोमिनपुऱ्याची पायरी न चढता मोमिनपुऱ्याविषयी लिहिणारे कमी नाहीत. 'तिथले लोक असे असतात, त्यांच्या बायका अशा राहतात, त्यांची मुले अशी वाया जातात' हे सगळे न केलेल्या भेटीचे अहवालच आहेत, मुद्देसूद आणि तोंडपाठ. त्याने आपल्याला वेदना होतात, राग येतो आणि तो रास्त आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, तेव्हा पहिल्यांदा कोणी मोजून, राज्याराज्यांत फिरून, माणसांशी बोलून आपल्याबद्दल लिहिल्याचे समाधान वाटले होते. त्यातले आकडे सुखाचे नव्हते, तरीही वाटले. पाहून लिहिलेल्या कागदाची किंमत ज्या समाजाने अशी अंगावर घेऊन ओळखली, त्याच समाजाच्या घरांत मुलांना न पाहता लिहायला बसवले जाते, आणि गुण चांगले आले की पेढे वाटले जातात.

मग मुलांनी काय लिहावे? त्यासाठी अलिबागला जाण्याची गरज नाही. नागपूरपासून कामठी हाकेच्या अंतरावर आहे. १८२१ साली तिथे इंग्रजांची छावणी पडली. उत्तरेकडून आलेले विणकर एकोणिसाव्या शतकात तिथे आणि मोमिनपुऱ्यात स्थिरावले. आता हातमाग थोडे उरले आहेत, पण उरले आहेत. सूत कुठून येते, दिवसाला किती हात कापड उतरते, ते कोण नेते, मुलगा हे काम का करत नाही, अशी पाच-सहा प्रश्नांची प्रश्नावली घेऊन मूल तिथे जाऊ शकते. अर्थात कागद-पेन घेतलेला पोरगा दारात पाहून मागवाला आधी त्याला वीज खात्याचा समजेल. त्याची समजूत कशी घालावी हे कोणत्याही गाईडमध्ये दिलेले नाही.

आमच्या परिचयातल्या एका मुलाने मध्यंतरी सरावाच्या पेपरात असाच अहवाल लिहिला. आजोबांच्या मागाचा. पेटीतून सूत कसे निघते, पायाखालच्या खड्ड्यात बसून पाय कसे आखडतात, पावसाळ्यात खळ वाळत नाही म्हणून काम कसे थांबते. त्याला निम्मेच गुण मिळाले, शेजारी शेरा होता: 'मुद्दे नाहीत.' त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले, "भाई, बोर्डात काय लिहायला सांगू? एकेक मार्क महत्त्वाचा आहे." आम्ही म्हटले, पाहिलेलेच लिहू द्या, फक्त उद्देश, साहित्य, निरीक्षणे, निष्कर्ष असे मुद्दे पाडून लिहू द्या. वडील विचारात पडले. मुलाने वही उघडली आणि विचारले, पाय आखडतात हे निरीक्षणात टाकू की निष्कर्षात?